कुलूप न उघडता : लॉक स्क्रीन, विजेट आणि उमरी तालुक्याचा दिवस

स्मार्टफोनची लॉक स्क्रीन म्हणजे बाजूचे बटण दाबल्यावर किंवा काचेवर बोट टेकवल्यावर, परंतु पिन, पॅटर्न, बोटाचा ठसा वा चेहरा यांपैकी कोणतीही ओळख देण्यापूर्वी जो उजळतो तो पडदा. आणि विजेट म्हणजे एखाद्या ॲपमधील हवी तेवढीच माहिती ते ॲप न उघडता दाखवत राहणारी छोटी चौकट. ही चौकट लॉक स्क्रीनवर बसवली की तापमान, पावसाची शक्यता, पहाटेचा गजर, दिनदर्शिकेतील पुढची नोंद किंवा बॅटरीची टक्केवारी फोनचे कुलूप न उघडताच वाचता येते. विषय वरकरणी किरकोळ वाटतो. मात्र फोनच्या सगळ्या पडद्यांत सर्वाधिक वेळा पाहिला जाणारा पडदा हाच आहे, कारण वेळ पाहायची असो, कोणाचा फोन येऊन गेला हे पाहायचे असो किंवा नुसतेच हाताला चाळा म्हणून बटण दाबायचे असो, दर वेळी नजर आधी इथेच पडते. म्हणून या जागेवर काय असावे, ते कोणत्या लिपीत असावे आणि ते कोणी ठरवावे, या प्रश्नाचा संबंध सजावटीपेक्षा रोजच्या व्यवहाराशी अधिक आहे.

हा व्यवहार गावागणिक बदलतो, आणि म्हणूनच या लेखात तो नांदेड जिल्ह्यातील उमरी या तालुक्याच्या गावाच्या निमित्ताने पाहिला आहे. निजामकाळात घातलेल्या मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावर मुदखेड आणि धर्माबाद यांच्यामध्ये वसलेले हे गाव मराठवाड्याच्या इतिहासात ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी येथील बँकेवर केलेल्या कारवाईमुळे ओळखले जाते. आजची उमरी कापूस, सोयाबीन, हरभरा आणि हळद यांच्या हंगामावर चालते. तेलंगणाची सीमा जवळ असल्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि दखनी सहज कानावर पडते. येथील दिवसाचे वेळापत्रक मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या वेळापत्रकापेक्षा वेगळ्या गोष्टींनी ठरते: मोटारीला थ्री फेज लाइट कधी येणार, पाऊस किती वाजता गाठणार, मोंढ्यात आज काय भाव फुटला, गाडी किती उशिरा धावते आहे. फोन बनवणाऱ्यांनी कारखान्यातून बसवून दिलेल्या लॉक स्क्रीनला यातले काहीच ठाऊक नसते, तिला फक्त घड्याळ आणि तारीख येते; बाकीचे मालकानेच तिच्यावर आणून बसवावे लागते.

ही सोय नवी आहे असा समज सर्वत्र आढळतो, प्रत्यक्षात तिचा प्रवास बराच वळणाचा आहे. कीपॅडच्या फोनच्या काळात ‘मेनू’ आणि मग ‘तारा’ दाबून कळफलक उघडला की काम भागे, आणि पडद्यावर वेळ, रेंज आणि बॅटरी यांपलीकडे फारसे काही नसे. अँड्रॉइडच्या १.५ आवृत्तीत, म्हणजे २००९ साली, होम स्क्रीनवर विजेट ठेवण्याची व्यवस्था सर्व ॲप-निर्मात्यांना खुली झाली. होम स्क्रीन म्हणजे कुलूप उघडल्यानंतरचा, ॲपच्या चित्रांचा पडदा. पुढे नोव्हेंबर २०१२ मधील ४.२ या आवृत्तीने तीच विजेट लॉक स्क्रीनवरही आणू दिली. पडदा बाजूला सरकवला की दिनदर्शिका, ई-मेल किंवा घड्याळ यांची स्वतंत्र पाने दिसत. पण ही सोय फार थोड्यांनी वापरली, आणि २०१४ च्या ५.० या आवृत्तीत गूगलने ती काढून टाकली. तिच्या जागी लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन, म्हणजे ॲपकडून येणाऱ्या सूचना, थेट दिसू लागल्या. मराठी वाचकाने नोंदवून ठेवावा असा एक योगायोग येथे आहे. ज्या ५.० आवृत्तीतून लॉक स्क्रीनवरील विजेट गेले, त्याच आवृत्तीत अँड्रॉइडच्या अधिकृत भाषांमध्ये मराठीचा समावेश झाला. त्यामुळे ज्यांनी आपला पहिला स्मार्टफोन मराठीत चालवला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ही सोय कधी पाहिलीच नाही, आणि लॉक स्क्रीन ही आपण मांडायची जागा आहे ही कल्पनाही त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

या सोयीचे पुनरागमन आयफोनच्या मार्गाने झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ या आवृत्तीने घड्याळाच्या वर एक ओळ आणि खाली एक पट्टी विजेटसाठी मोकळी केली. त्या पट्टीत चार लहान गोल चौकटी किंवा दोन आडव्या चौकटी मावतात, किंवा एक आडवी आणि दोन गोल. सॅमसंगने २०२४ च्या आरंभी वन यूआय ६.१ या आपल्या आवृत्तीत घड्याळाखाली जवळजवळ तशीच रचना दिली. गूगलने २०२४ मध्ये अँड्रॉइड १५ बरोबर आधी आपल्या टॅबलेटवर लॉक स्क्रीनची विजेट परत आणली आणि फोनवरही ती येतील असे २०२५ मध्ये जाहीर केले. भारतात दहांपैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि उमरीसारख्या गावांत ते बहुतांशी मध्यम वा कमी किमतीचे असतात, त्यामुळे कोणत्या फोनवर नेमके काय मिळेल हे ब्रँड आणि आवृत्ती यांवर अवलंबून राहते. तरीही पहिली कृती जवळपास सगळीकडे सारखीच आहे: ओळख पटवून, पण आत न जाता, लॉक स्क्रीनच्या मोकळ्या जागेवर बोट क्षणभर दाबून धरायचे. पडदा थोडा आक्रसतो आणि ‘सानुकूल करा’ किंवा ‘संपादित करा’ अशा अर्थाचे बटण दिसते; घड्याळाखालच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले की उपलब्ध विजेटची यादी उघडते; हवे ते निवडून ‘पूर्ण झाले’ म्हटले की काम संपते. ज्या फोनमध्ये असे काहीच उघडत नाही, तेथे सेटिंगमधील ‘लॉक स्क्रीन’ या भागात शोधावे. विजेटची सोय नसली तरी पडद्यावर एक ओळ मजकूर लिहिण्याची आणि बऱ्याच फोनमध्ये खालच्या कोपऱ्यांतील शॉर्टकट बदलण्याची सोय तेथे सापडते, आणि या दोन साध्या सोयींचे मोल विजेटपेक्षा तसूभरही कमी नाही.

विजेट आतून कसे चालते हे थोडे समजून घेतले तर त्याच्यावर कितपत भरवसा ठेवायचा हे कळते. विजेट हे छोटे ॲप नव्हे. ॲप आपल्या माहितीचे एक तयार पान फोनच्या मुख्य प्रणालीकडे सोपवते आणि प्रणाली ते पान पडद्यावर रंगवते. नवे पान येईपर्यंत जुनेच दिसत राहते. हे पान किती वेळा बदलावे यावर, बॅटरी वाचवण्यासाठी, बंधने घातलेली आहेत. अँड्रॉइडमध्ये विजेटच्या ठरावीक काळाने होणाऱ्या नूतनीकरणाची किमान मर्यादा ३० मिनिटांची आहे, तर वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसभरात साधारण ४० ते ७० वेळा नवी माहिती घेता येते असे ॲपलने ॲप-निर्मात्यांना सांगितले आहे, म्हणजे ढोबळमानाने पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतचे अंतर झाले. यातून निघणारा निष्कर्ष व्यावहारिक आहे: दिवसातून एकदाच बदलणारी माहिती, जसे तिथी, मोंढ्याचा भाव, उद्याचा गजर, ही विजेटला उत्तम साधते, तासातासाने बदलणारे हवामान बऱ्यापैकी साधते, आणि मिनिटामिनिटाला सरकणारी गोष्ट, जसे धावत्या गाडीचे ठिकाण, तिच्यासाठी विजेटवर विसंबू नये. अशा सरकत्या गोष्टींसाठी ‘लाइव्ह ॲक्टिव्हिटी’ नावाचा वेगळा प्रकार आयफोनमध्ये २०२२ च्या अखेरीस आला आणि त्याच धर्तीची व्यवस्था अँड्रॉइड १६ मध्ये २०२५ साली आली. तीत काम सुरू असेपर्यंतच पट्टी दिसते आणि ते संपले की ती आपोआप जाते.

उमरी परिसरात लॉक स्क्रीनचा सर्वात खरा उपयोग रात्री होतो. शेतीपंपांच्या वाहिन्यांवर थ्री फेज पुरवठा दिवसाचे आठेक तास मिळतो, आणि तोही आठवड्यातील काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशा चक्राकार पद्धतीने. एक फेज घरात असली तरी मोटार चालत नाही. रब्बीत हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला आखाड्यावर मुक्काम करावा लागतो किंवा मध्यरात्री उठून बांधाने जावे लागते. त्या वेळी एका हातात फावडे असते, दुसरा हात चिखलाने भरलेला असतो. ओल्या, मातकट बोटाचा ठसा फोन ओळखत नाही, आणि पॅटर्न काढण्यासाठी काचेवर बोट फिरवले तर पाण्याच्या थेंबांमुळे रेघ भलतीकडेच जाते. दाऱ्याजवळ सळसळ झाली तर बॅटरी, म्हणजे टॉर्च, त्याच क्षणी लागावी लागते, कारण उसात, हरभऱ्यात आणि पाटाच्या कडेला साप असतो. म्हणून टॉर्चचा शॉर्टकट लॉक स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात असणे आणि तो डाव्या की उजव्या अंगठ्याच्या बाजूला आहे हे आपल्या सवयीप्रमाणे ठरवून घेणे, ही या भागातील पहिली मांडणी ठरते. आयफोनमध्ये हे दोन कोपरे बदलण्याची मुभा २०२४ च्या आयओएस १८ पासून मिळाली. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ती त्याआधीपासून आहे, पण कारखान्यातून येणाऱ्या मांडणीत त्या जागी बहुधा फोनचा डायलर आणि कॅमेरा असतो. कॅमेऱ्याची गरज बांधावर क्वचित पडते.

पाळी लक्षात ठेवण्याचा प्रश्न दिनदर्शिकेच्या विजेटने सुटतो. ‘मोटार – रात्र’ आणि ‘मोटार – दिवस’ अशा दोन नोंदी त्या त्या वारांना लावून त्या दर आठवड्याला पुन्हा येतील असे एकदा ठरवले, की पुढची नोंद आपोआप घड्याळाखाली दिसू लागते; महावितरणने वेळ बदलली की नोंदही बदलायची, एवढीच काळजी घ्यावी लागते. याच चौकटीत वर्षभराच्या इतर मुदतीही बसतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून ठरलेल्या मुदतीत करायची असते. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस देण्यासाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी आणि वेळेचे आरक्षण आले, आणि ती आरक्षित तारीख हुकली तर लांब धाग्याचा हमीभाव, जो २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता, कागदावरच राहतो. गोदाकाठच्या गावांना आणखी एक तारीख महत्त्वाची वाटते. शेजारच्या धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार, १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. दरवाजे पडल्यानंतर नदीत पाणी किती साचते यावर काठावरच्या मोटारींचे गणित चालते. अशा तारखा पूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या जात. १९७३ पासून मराठी घराघरांत पोहोचलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत दुधाचा खाडा, गॅसची टाकी आणि मजुरांचे रोज आजही पेनाने मांडले जातात, आणि ते कॅलेंडर उपयोगी पडते ते नेमके याच कारणाने, की छापलेल्या माहितीवर घराने स्वतःची माहिती चढवलेली असते. लॉक स्क्रीनकडूनही हीच अपेक्षा ठेवणे योग्य आहे.

हवामानाचे विजेट बसवताना उमरीकरांना एक विशिष्ट अडचण येते, ती म्हणजे उमरी या नावाची गावे फार आहेत. अकोला शहराचा एक भाग उमरी नावाचा आहे, मध्य प्रदेशात भिंड जिल्ह्यात उमरी आहे, आणि रोमन लिपीत नाव लिहिताना एका अक्षराने फरक पडला तरी यादी पुन्हा बदलते. विजेटच्या शोधचौकटीत नाव लिहून पहिल्या ओळीवर बोट ठेवले तर शेकडो किलोमीटर दूरच्या आकाशाचा अंदाज घड्याळाखाली येऊन बसतो, आणि पाहणाऱ्याला ते कळतही नाही, कारण चौकटीत गावाचे नाव बरोबरच दिसत असते. म्हणून यादीतील जिल्ह्याचे नाव तपासावे किंवा ‘सध्याचे ठिकाण’ हा पर्याय निवडून ॲपला स्थानाची परवानगी द्यावी. तेवढे करूनही मर्यादा शिल्लक राहते. विजेटमधील अंदाज संगणकीय प्रारूपातील एका चौकोनासाठी असतो, तर अतिवृष्टीची सरकारी मोजणी, म्हणजे २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस, महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर होते. मदतीच्या दाव्यासाठी विजेटचा आकडा काही कामाचा नाही. शेतीच्या निर्णयासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामान-आधारित कृषी सल्ला अधिक मोलाचा आहे, कारण त्यात फवारणी करावी की थांबावे हे पिकाचे नाव घेऊन सांगितलेले असते. विजेटने एवढेच करावे की पावसाची शंका मनात घालावी. पुढची चौकशी त्या सल्ल्यात करावी.

काही माहिती मात्र मालकाने पाहण्याची वाट न बघता स्वतःहून लॉक स्क्रीनवर आली पाहिजे, आणि येथे विजेटची हद्द संपून इशाऱ्याची सुरू होते. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसे व जनावरे दगावतात; पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप फोन जेथे आहे त्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटर परिघातील विजेचा इशारा देते. भूकंपाचा इशारा अँड्रॉइड फोनना सप्टेंबर २०२३ पासून भारतात मिळू लागला: असंख्य फोनमधील हालचाल मोजणारे संवेदक जमिनीचा पहिला हादरा टिपतात, तो एकाच वेळी अनेक ठिकाणांहून कळला की दूरच्या फोनकडे मुख्य धक्का पोहोचण्यापूर्वी काही सेकंद इशारा जातो, आणि धक्का तीव्र असेल तर तो फोन मूक असला तरी पूर्ण पडदा व्यापून वाजतो. ज्या प्रदेशाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप सोसला, आणि जेथे २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली परिसरात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले, त्या प्रदेशात हे सेटिंग बंद ठेवणे धोक्याचे आहे. तिसरा मार्ग सेल ब्रॉडकास्टचा, म्हणजे एखाद्या भागातील टॉवरवरून तेथल्या सर्व फोनना एकाच वेळी संदेश पाठवण्याचा. त्याच्या चाचण्यांचे मोठ्या आवाजाचे संदेश २०२३ मध्ये देशभर आले होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरले तेव्हा अशा व्यवस्थेची निकड नांदेड जिल्ह्याने जवळून पाहिली.

या इशाऱ्यांच्या आड येणारी गोष्ट फार साधी आहे आणि ती दुरुस्त करता येते. कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागे चालणारी ॲप प्रणालीच बंद करून टाकते. ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी नसेल तर दामिनी असो वा हवामानाचे विजेट, दोन-चार तासांनंतर ते मुकाट होते, आणि घड्याळाखाली सकाळचेच तापमान संध्याकाळीही दिसत राहते. सेटिंगमधील बॅटरीच्या भागात जाऊन अशा एक-दोन महत्त्वाच्या ॲपवरील निर्बंध काढावेत आणि स्थानाची परवानगी ‘नेहमी’ अशी ठेवावी. सगळ्याच ॲपना अशी मोकळीक देऊ नये, नाहीतर लाइट गेलेल्या रात्री फोनच दगा देईल.

लिपीचा मुद्दा सोयीइतकाच अगत्याचा आहे. भाषांविषयीची संगणकीय माहिती ज्या आंतरराष्ट्रीय भांडारातून घेतली जाते, त्यात मराठीसाठी आपोआप वापरायचे अंक म्हणून देवनागरी अंक नोंदवलेले आहेत, हिंदीसाठी तसे नाहीत. म्हणूनच अँड्रॉइडची भाषा मराठी केली की अनेक फोनमध्ये लॉक स्क्रीनवरील वेळ १०:३५ अशी देवनागरीत उमटते आणि वार-महिन्याची नावेही मराठीत येतात. आयफोनच्या घड्याळासाठी देवनागरी अंक निवडण्याची सोय आयओएस १६ मध्येच होती. आयओएस १८ मध्ये बारा भारतीय भाषांच्या अंकांपर्यंत ती वाढली आणि त्यांत तेलुगूही आहे, जी गोष्ट सीमेवरच्या घरांना आपलीशी वाटेल. ज्या आजी-आजोबांनी निजामी राजवटीत किंवा त्यानंतर लगेचच पाटीवर मराठी अंक गिरवले, त्यांना लॉक स्क्रीनवरची वेळ चष्मा न शोधता आणि कोणाला न विचारता वाचता येणे, ही लहान गोष्ट नाही. काही पंचांग-ॲप तिथी व सणांचे विजेट देतात. ते बहुधा होम स्क्रीनपुरतेच असते, तरी एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या घरात ते आवडीने वापरले जाईल. दुकानात नवा फोन चालू करून देताना भाषा विचारण्याआधीच इंग्रजी ठेवून दिली जाते, ही रीत ग्राहकांनी मोडून काढली पाहिजे.

मालकाने ही जागा मोकळी सोडली की दुसरे कोणीतरी ती व्यापते. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक अँड्रॉइड फोनमध्ये बटण दाबताच दर वेळी नवे चित्र, बातमीचा मथळा, खेळ किंवा खरेदीचे आमंत्रण दिसते. ही सेवा फोनमध्ये आधीपासून बसवलेली असते. यातील सर्वात मोठे नाव ‘ग्लान्स’ हे असून बंगळूरच्या इनमोबी समूहाने ते २०१८ मध्ये सुरू केले. २०२० मध्ये गूगलने आणि २०२२ मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्सने त्यात पैसे गुंतवले, यावरून लॉक स्क्रीन ही किती किमती जागा मानली जाते याची कल्पना येते. ही सेवा कायदेशीर आहे, काहींना तिच्यातील चित्रे आवडतात, आणि ती बंदही करता येते; आक्षेप एवढाच, की वापरणाऱ्याने ती निवडलेली नसते, आणि ती सेटिंगमधील ‘लॉक स्क्रीन’ किंवा ‘वॉलपेपर’ या भागात जाऊन बंद करायची असते हे त्याला कोणी सांगत नाही. शिवाय दर वेळी नवे चित्र उतरवून घ्यायला डेटा आणि बॅटरी दोन्ही लागतात. रोज दीड जीबीच्या पॅकवर चालणाऱ्या घरात मुलांच्या अभ्यासाचा व्हिडिओ अडण्यापेक्षा चित्रांची ही रांग बंद झालेली बरी.

उघड दिसणाऱ्या माहितीला धोकाही असतो, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. लॉक स्क्रीन कुलपाच्या बाहेर आहे, म्हणून तिच्यावरचे सगळे पाहणाऱ्या प्रत्येकाचे आहे. मोबाइल दुकानाच्या काउंटरवर, मोंढ्यातील आडतीवर किंवा रसवंतीच्या टेबलावर ठेवलेल्या फोनवर बँकेचा ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा गुप्त क्रमांक, पूर्ण वाचता येत असेल, तर फोनला कितीही अवघड पॅटर्न लावला तरी त्याचा उपयोग शून्य. सेटिंगमधील नोटिफिकेशनच्या भागात ‘लॉक स्क्रीनवर संवेदनशील मजकूर लपवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, आयफोनमध्ये ‘अनलॉक असतानाच मजकूर दाखवा’ असा. तो सुरू केला की संदेश आल्याचे कळते, आत काय आहे ते दिसत नाही. विजेट निवडतानाही हाच विवेक ठेवावा: तापमान, गजर, पाण्याची पाळी ही कोणीही पाहिली तरी हरकत नाही, बँकेची शिल्लक, दवाखान्याच्या तारखा, मुलीच्या शिकवणीची वेळ या बाहेर ठेवायच्या गोष्टी नव्हेत. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण सुरुवातीच्या काही तासांत रक्कम गोठवण्याची शक्यता सर्वाधिक असते.

याच्या उलट, एक माहिती मुद्दाम कुलपाबाहेर ठेवली पाहिजे, आणि ती म्हणजे आणीबाणीची. मुदखेड रस्त्यावर दुचाकी घसरून कोणी बेशुद्ध पडले, तर उचलणाऱ्याच्या हाती त्याचा कुलूपबंद फोन येतो आणि घरच्यांना कळवायचे कसे हा पहिला प्रश्न उभा राहतो. अँड्रॉइडमध्ये ‘सुरक्षा आणि आणीबाणी’ या भागात रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि जवळच्या दोन-तीन व्यक्तींचे क्रमांक भरता येतात, आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’ या नावाने. ही माहिती लॉक स्क्रीनवरील ‘आणीबाणी’ या बटणामागे कोणालाही पाहता येते. पण त्या बटणामागे काही आहे हे अनोळखी माणसाला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून पडद्यावर एक ओळ लिहिण्याची जी सोय वर सांगितली, तीत ‘सापडल्यास / अपघात झाल्यास :’ असे लिहून घरातील दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक टाकावा. स्वतःचा क्रमांक टाकण्याची चूक पुष्कळ लोक करतात, आणि मग तो हरवलेल्या फोनवरच वाजतो. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये मदतीचे बटण असावे असा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला: स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा, कीपॅडच्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा अंक दाबून धरायचा. पुढे अनेक कंपन्यांनी ही संख्या बदलली, त्यामुळे आपल्या फोनमध्ये नेमके किती वेळा दाबावे लागते ते सेटिंगमध्ये पाहून ठेवावे. मदत मागण्यासाठी ११२ हा क्रमांक तर कुलूप न उघडताही लागतो.

दिवाळीला हैदराबाद, पुणे, मुंबईहून मुले-मुली उमरीच्या गाडीतून उतरतील, तेव्हा त्यांच्या खिशातील फोन नवे असतील आणि आई-वडिलांचे बहुधा त्यांनीच दोन वर्षांपूर्वी वापरून दिलेले. या वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. फराळानंतर अर्धा तास काढून आई-वडिलांचा फोन हातात घ्यावा, भाषा मराठी करावी, जाहिरातींची चित्रे बंद करावीत, ओटीपी लपवावा, आणि मग विजेट बसवताना आपल्या सोयीने न ठरवता त्यांनाच विचारावे की रात्री अंधारात बटण दाबल्यावर त्यांना आधी काय दिसायला हवे. क्रम असा ठेवावा: प्रथम आणीबाणीचा क्रमांक, नंतर टॉर्च, नंतर मोटारीची पाळी, नंतर नांदेड जिल्ह्यातील उमरीचे हवामान, नातवंडांचा फोटो वॉलपेपर म्हणून सगळ्यांत शेवटी लावावा, आणि घड्याळ त्या चेहऱ्यांवर येणार नाही एवढे पाहावे.